शितावरून भात, भातावरून शीत

अभ्यासवर्गात पोरं विचारतात, तर्कशास्त्र कशाला पाहिजे? पोटात भूक, डोक्यावर ठेकेदार, आणि तुम्ही निगमन-विगमन काय लावलंय? प्रश्न रास्त आहे. उत्तर असं, की आपल्या माणसांना हजारो वर्षं नुसत्या काठीनं गावकुसाबाहेर ठेवलेलं नाही. काठीच्या पाठीशी युक्तिवाद होता. काठी मारणाऱ्याला तो पटलेला होता, आणि त्याहून वाईट म्हणजे काठी खाणाऱ्याच्याही गळी तो उतरवला होता. म्हणून युक्तिवाद उसवून बघणं हे पंडिताचं काम नव्हे. ते कार्यकर्त्याचं काम आहे.

युक्तिवादाच्या वाटा मुख्यतः दोन. एक शितावरून भाताची परीक्षा. आई टोपातलं एक शीत काढते, दोन बोटांत चेपते आणि म्हणते, भात झाला. थोडं पाहून सगळ्याबद्दल बोलणं, हे विगमन. दुसरी वाट उलटी, भातावरून शीत. सगळा भात शिजलाय, हे शीत त्याच भातातलं, म्हणून हेही शिजलेलं. नियमावरून एकावर येणं, हे निगमन. निगमनात आधीची विधानं खरी असली आणि मांडणी बरोबर असली, तर निष्कर्ष खरा असावाच लागतो. सुटका नाही. विगमनात मात्र आधीचं सगळं खरं असूनही निष्कर्ष चुकू शकतो. तिथं खात्री नसते, शक्यता असते. ती कमीजास्त असते एवढंच.

आता निगमनाची लबाडी बघा. ब्रह्म्याच्या पायातून जे निघाले त्यांनी सेवा करावी. शूद्र पायातून निघाले. म्हणून शूद्रांनी सेवा करावी. मांडणीत खोट नाही. गिरणी झकास चालते आहे. पण गिरणीला काय, किडके जोंधळे टाकले तर पीठ किडकंच पडणार. जोतीराव फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’त गिरणीशी हुज्जत घातली नाही. त्यांनी जोंधळ्यात हात घातला. तोंडातून, पायातून माणूस जन्मतो तो कसा, एवढंच विचारलं. पहिलं विधान कोसळलं की खालचा सगळा इमला कोसळतो.

दुसरी लबाडी मांडणीतच असते. जो चळवळीचा, तो जयंतीला निळा झेंडा घेतो. यानं झेंडा घेतलाय. म्हणून हा चळवळीचा. दोन्ही विधानं खरी धरली तरी निष्कर्ष निघत नाही, कारण झेंडा दुसराही कुणी घेऊ शकतो. निवडणूक जवळ आली की किती जण घेतात ते आपण बघतोच. असल्या एका चुकीच्या ‘म्हणून’वर वस्तीच्या वस्त्या विकल्या गेल्या आहेत.

महाडचं तळं घ्या. तिथं दोन्ही वाटा समोरासमोर आल्या. सार्वजनिक पैशानं बांधलेले, चालवलेले पाणवठे अस्पृश्यांना खुले, असा बोल्यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळानं 1923 साली केला. चवदार तळं नगरपालिकेचं. म्हणून ते खुलं. स्वच्छ निगमन! 20 मार्च 1927 ला बाबासाहेब हजारो माणसं घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळीनं पाणी प्याले, तेव्हा त्या निष्कर्षाला हातपाय फुटले. समोरचे कोर्टात गेले. त्यांचं एक म्हणणं असं, की अनादी काळापासून अस्पृश्यांनी या तळ्याचं पाणी कधी घेतलेलं नाही, म्हणून त्यांना अडवायचा हक्क आम्हाला आहे. हे म्हणणं विगमनाच्या पायावर उभं होतं. इतकी वर्षं असंच दिसलं, म्हणून असंच असलं पाहिजे. दहा वर्षं खटला चालला. 17 मार्च 1937 ला मुंबई हायकोर्टानं अशी अनादी रूढी सिद्ध झालेली नाही म्हणून त्यांचं अपील फेटाळलं.

इथं थांबून विचार करा. समजा, खरंच कुणी कधी पाणी घेतलं नव्हतं. त्यावरून काय सिद्ध होतं? हक्क नव्हता हे, की मार बसेल अशी भीती होती हे? नुसतं दिसलं नाही यावर नियम उभा राहत नाही. का दिसलं नाही, ते सांगावं लागतं.

हे सांगणारा माणूस आपल्याच परंपरेत होऊन गेला. धर्मकीर्ती, बौद्ध तर्कपंडित, सुमारे सातव्या शतकातला. उलटं उदाहरण आजवर दिसलं नाही एवढ्यानं नियम पक्का होत नाही, असं त्यानं बजावलं. आणि दाखला कशाचा दिला? टोपातल्या तांदळाचा! काही दाणे शिजलेले दिसले म्हणून सगळे शिजले, याची खात्री देता येत नाही. धुरावरून आग ओळखता येते, कारण धूर आगीतूनच होतो. असा कार्यकारणाचा धागा सापडला तर अनुमान टिकतं. याच धर्मकीर्तीनं जातीचा गर्व हे बुद्धी मंदावल्याचं एक लक्षण म्हणून नोंदवलं आहे. मंबाजींनी लक्षात ठेवावं.

आता आपल्या बोईसरात या. कारखान्याच्या गेटवर काय ऐकू येतं? इतकी वर्षं प्लांट चालू आहे, काही झालं नाही, आत जा. हेही विगमन, आणि याच्यापायी जीव जातो. तारापूर एमआयडीसीत जानेवारी 2020 मध्ये स्फोट होऊन माणसं मेली. त्याच्या आदल्या दिवसापर्यंत तिथंही ‘काही झालं नाही’ हे विधान खरंच होतं. पण उलट टोकालाही जाऊ नका. 2011 साली फुकुशिमाला झालं, म्हणून 1969 पासूनच्या आपल्या तारापूरच्या अणुकेंद्रात होणारच, हेही एका शितावरून टोप ओतणं झालं. विचारायचं ते असं: पाईप कधी तपासला? व्हॉल्व्ह कोण बघतो? ठेकेदाराच्या माणसाला मास्क दिलाय का? म्हणजे कारण विचारा.

आणखी एक कडू गोष्ट. आपलेच काही जण नाक्यावर बोलतात, वारली आळशी, भय्या चोर. किती वारली बघितले? किती ओळखले? दोघाचौघांना बघून अख्ख्या समाजावर शिक्का मारायचा, ही रीत कुणाची? ‘यांची जातच तशी’ हे वाक्य आपल्या आज्यानं ऐकलं, बापानं ऐकलं. तेच वाक्य आज आपल्या तोंडात? आई शीत काढण्याआधी टोप ढवळते, वरचंखालचं एक करते. समाजाबद्दल बोलणाऱ्यानं निदान तेवढं तरी करावं.

चांगलं विगमन कसं असतं तेही बघा. पंचविशीतल्या बाबासाहेबांनी 1916 साली कोलंबिया विद्यापीठात जातीवर निबंध वाचला. सेनार, नेसफिल्ड, रिस्ले, केतकर यांच्या व्याख्या एकेक करून तपासल्या आणि जातीचं मर्म जातीतल्या जातीत लग्न करण्यात आहे हे दाखवलं. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह या वेगवेगळ्या दिसणाऱ्या चाली त्या एका धाग्यात ओवल्या. त्यात शीत होतं, भात होता, आणि चूलसुद्धा दाखवली होती.

शेवटी खरा प्रश्न. आपली बाजू न्यायाची आहे, मग युक्तिवाद कच्चा असला तर बिघडलं काय? सभा तर जिंकली ना! बिघडतं ते असं. कच्च्या ‘म्हणून’ला टाळी देणारी सभा उद्या दुसऱ्याच्या कच्च्या ‘म्हणून’लाही टाळी देते. आपण लोकांना निष्कर्ष दिला, पण पारखायची सवय दिली नाही, तर आपण नवे भटजी झालो. बुद्धानं कालामांना सांगितलं, परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू सांगतो म्हणून मानू नका. नुसत्या तर्कावरही विसंबू नका. यातून माणसाचं हित होतं की अहित, हे स्वतः पाहा. ‘बाबासाहेबांनी सांगितलं म्हणून’ एवढ्यावर थांबणाऱ्या पोरालाही हे लागू आहे. बाबासाहेबांनी का सांगितलं, ते त्याला सांगता आलं पाहिजे.

तेव्हा दोस्तहो, पुढच्या वेळी कुणी ‘म्हणून’ म्हणाला, मग तो साहेब असो, भटजी असो की आपलाच पुढारी, त्याला तिथंच थांबवा. आधीचं खरं आहे का, ते विचारा. त्यातून हेच निघतं का, तेही विचारा. दोन्हींची उत्तरं मिळेपर्यंत मान हलवू नका.