आज रोख, उद्या उधार

वाण्याच्या दुकानात गल्ल्यामागच्या भिंतीवर एक पाटी हटकून असे : ‘आज रोख, उद्या उधार’. गंमत अशी की ही पाटी लावणारा वाणी बहुधा उधार देतच असे. त्याच्या हाताशी लाल बांधणीची वही असे आणि पाटीला खोटे पाडणारी कितीतरी नावे तिच्या पानांवर नांदत असत. आता ज्या मोठ्या दुकानांत आपण ढकलगाडी घेऊन शिरतो, तेथे अशी पाटी दिसत नाही. उधार मागावे असे तेथे कोणाच्या मनातही येत नाही, मग पाटी कशाला?

दिवाळी जवळ आली की आमच्या भिवंडीतही ह्या दुकानांतून पाय ठेवायला जागा नसते. रवा, मैदा, डाळ, पोहे, तेलाचे डबे, उटणे, सारे एका छपराखाली आणि छापील किमतीहून चार पैसे कमी. ह्या चार पैशांना मी नावे ठेवणार नाही. मध्यम स्थितीतल्या घरात त्यांतूनच एखाद्या मुलाची फी निघते. छापील किंमत ही कायद्याने कमाल मर्यादा आहे. तिच्याखाली उतरायला विक्रेता मोकळा असतो. डी-मार्टचे पहिले दुकान २००२ मध्ये पवईला निघाले. त्या मंडळींची रीत कोणालाही समजेल अशी आहे : जागा शक्यतो स्वतःची घ्यावी, म्हणजे भाडे नको, भराभर खपणारा माल ठेवावा, आणि पुरवठादाराचे पैसे इतरांपेक्षा लवकर चुकवून त्याच्याकडून सवलत मिळवावी. तेव्हा ही स्वस्ताई रोखीच्या पोटी जन्माला येते. दुकान पुढे रोख देते, कारण आपण त्याला रोख देतो.

आता विचार करू लागलो की मन अडखळते ते येथे. रोख कोणापाशी असते? महिन्याचा किराणा एकदम भरायला गाठी पैसा हवा, पाच लिटरचा डबा ठेवायला घरात फळी हवी. भिवंडीच्या यंत्रमागावर उभा राहणारा कामगार बहुधा विणलेल्या मीटरवर मजुरी घेतो. माग बंद पडला, सूत आले नाही, वीज गेली, की मजुरीही गेली. परप्रांतातून एकटा आलेला कामगार बिशीत जेवतो आणि पगार झाला की बिशीचे पैसे चुकते करतो. कुटुंब घेऊन राहणारा रोजचे तेल लहान पिशवीतून आणतो. किलोमागे हिशेब केला तर अनेकदा त्याचे तेल माझ्या तेलाहून महाग पडते. ज्याच्यापाशी आहे त्याला स्वस्त आणि ज्याच्यापाशी नाही त्याला महाग, असा हा न्याय आहे. तो कोणी दुष्टाने रचलेला नाही. पण दुष्ट माणूस सापडत नाही म्हणून अन्याय नाहीसा होत नाही.

कोणी म्हणेल, मग वाण्याच्या उधारीचेच गोडवे गावेत काय? तसेही नाही. गिरणगावात कामगारांसाठी खानावळी चालवणाऱ्या बाया वाण्याकडून उधारीवर धान्य आणीत आणि त्यावरच्या व्याजात वर्षानुवर्षे पिळून निघत. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे करून त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले, तेव्हा कोठे तो फास सैल झाला. इंग्लंडात रॉचडेल येथे १८४४ मध्ये २८ जणांनी, ज्यांत कित्येक विणकर होते, पीठ, लोणी, साखर असल्या जिनसांचे सहकारी दुकान काढले. त्यांचाही दंडक रोखीचाच होता, कारण उधारीने गळ्यापर्यंत बुडालेली घरे त्यांनी पाहिली होती. मात्र नफा खरेदीच्या प्रमाणात सभासदांना परत मिळे आणि दुकान त्यांच्या मालकीचे होते. नायगावच्या कामगारवस्तीत १९४८ मध्ये सुरू झालेला अपना बाजार ह्याच घराण्यातला. ह्या मंडळींनी उधार बंद केले, पण त्याच्या जागी काहीतरी दिले.

आपण काय देतो? वाण्याची उधारी त्याच्या एकट्याच्या खिशातून चालत नाही. रोखीच्या गिऱ्हाइकांचा पैसा गल्ल्यात फिरत राहतो, म्हणून उधारीच्या गिऱ्हाइकाला पंधरा दिवस थांबता येते. रोखीवाले सगळे मोठ्या दुकानात गेले आणि रात्री संपलेल्या मिठापुरते तेवढे कोपऱ्यावर येऊ लागले, तर वाण्यापाशी उरते ती नुसती उधारी. मग एके दिवशी तो पाटी खरी करतो. २०२० च्या टाळेबंदीत भिवंडीचे माग थंडावले. कित्येक कामगार नाशिकच्या महामार्गाने पायीच निघाले, कित्येकांना मे महिन्यात भिवंडी रोडहून गोरखपूरची गाडी मिळाली. अशा दिवसांत मजुराच्या चुलीला पहिला आधार असतो तो ओळखीच्या दुकानदाराचा. त्या आधारात आपल्या रोखीचाही अंश असतो, आणि तो आपण काढून घेतला तर ज्याचा आधार जातो त्याचे तोंडही आपण पाहिलेले नसते.

म्हणून मोठ्या दुकानावर बहिष्कार घालावा असे मी म्हणत नाही. ज्याला चार पैशांची खरोखर निकड आहे, त्याने ते निःशंक वाचवावेत. त्याचे कोणाला काही देणे लागत नाही. पण माझ्यासारख्या ज्याच्या घरी त्या चार पैशांची शेवटी मिठाईच होते, त्याचे थोडे देणे लागते. आपल्याला मिळालेली सूट ही आपल्या हुशारीची कमाई नसून गाठी पैसा असल्याचे फळ आहे, एवढे ओळखले तरी हिशेब बदलतो. महिन्याच्या यादीतल्या दोन-चार जिनसा कोपऱ्यावरून, रोख आणि घासाघीस न करता घ्याव्यात. ह्याला दान म्हणू नये.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या गल्लीतला वाणी अजून वहीवर हळदकुंकू वाहतो. आपण त्या वहीत कुठे लक्ष्मी पाहतो? पण तिच्या पानांवर येणे असलेली नावे आहेत, आणि ती माणसे पाडव्यालाही त्याच्या दुकानाची पायरी चढतील, असे त्याने धरले आहे.