संवादी भ्रम आणि फेराइटचा गाभा

फेराइटच्या गाभ्यावर गुंडाळलेल्या तारेतला प्रवाह वाढवत नेला, की आरंभी चुंबकीय फ्लक्सही त्याच प्रमाणात वाढतो. पुढे ही वाढ मंदावते आणि गाभा संपृक्त होतो. मग इंडक्टन्स घसरतो, प्रवाह उसळतो, आणि पॉवर सप्लायमधला ट्रान्झिस्टर जळूही शकतो. म्हणून अभियंते गाभ्याचे हे वर्तन आधीच एखाद्या सूत्रात बसवतात. त्या सूत्राच्या भरवशावर बांधलेले यंत्र नीट चालले, तर सूत्र खरे ठरले असे म्हणावे का?

न्यायभाष्यकार वात्स्यायनाच्या मते ज्ञानाचे प्रामाण्य प्रवृत्ती, म्हणजे त्या ज्ञानावरून केलेली कृती, सफल झाल्यावरून कळते. या कसोटीतली अडचण धर्मकीर्ती या बौद्ध तार्किकाच्या एका दृष्टान्तातून दिसते. एक जण मण्याच्या प्रभेलाच मणी समजून धावतो, दुसरा दिव्याच्या प्रभेला. ज्ञान दोघांचेही चुकीचे, पण पहिल्याच्या हाती मणी लागतो. ‘पंचदशी’च्या ध्यानदीप प्रकरणात अशा फळ देणाऱ्या चुकीला संवादी भ्रम म्हटले आहे.

संपृक्ततेची अनेक सूत्रे याच जातीची आहेत. हायपरबोलिक टॅन्जंटचा वक्र मोजमापांशी बऱ्यापैकी जुळतो. मुळात तो परस्परांपासून अलिप्त अशा स्पिनांच्या समूहासाठी निघालेला आहे. फेराइटमध्ये मात्र चुंबकन वाढते ते मुख्यतः डोमेनच्या, म्हणजे एकाच दिशेने चुंबकित असलेल्या सूक्ष्म प्रदेशांच्या, भिंती सरकल्याने आणि डोमेनांची दिशा वळल्याने. १९३५ मध्ये प्रायझाखने पदार्थ म्हणजे असंख्य काल्पनिक द्विस्थिती कळांचा समूह मानला. जाइल्स आणि अ‍ॅथर्टन यांनी १९८० च्या दशकात अडखळत सरकणाऱ्या भिंतींवर आपले समीकरण उभारले. प्रवाह वाढवताना आणि घटवताना चुंबकन वेगवेगळ्या वाटांनी जाते; त्यातून बनणाऱ्या एकाच हिस्टेरेसिस वलयावर दोन्ही प्रतिमाने बसवता येतात, पण पदार्थाच्या आत काय आहे याविषयी दोघांचे म्हणणे निराळे आहे. नुसत्या सफलतेवरून त्यांतले खरे कोणते, हे ठरत नाही.

तरीही संपूर्ण प्रतिमानालाच भ्रम म्हणणे घाईचे होईल, कारण त्याचे सर्व भाग सारखे नसतात. संपृक्ततेची कमाल मर्यादा ही जुळवाजुळव नव्हे. फेराइटमध्ये अणूंचे दोन उपजाल विरुद्ध दिशांना चुंबकित असतात आणि त्यांच्यातला फरक तेवढा उरतो, असे लुई नेएलने १९४८ मध्ये दाखवले. म्हणूनच लोखंड २ टेस्लाच्या थोडे पुढे जाते, तर मँगनीज-झिंक फेराइट खोलीच्या तापमानाला सुमारे ०.५ टेस्लावरच थांबते. संपृक्ततेनंतरचा उतारही असाच पक्का आहे. गाभ्याचे चुंबकन वाढायचे थांबले तरी फ्लक्समधला निर्वाताचा वाटा वाढतच राहतो. ज्या सूत्रात इंडक्टन्स शून्यावर जातो, ते आकर्षक असले तरी चुकीचे आहे; गाभा काढून घेतलेल्या वेटोळ्याइतका इंडक्टन्स उरायलाच हवा.

वक्राचा मधला गुडघा, म्हणजे वाढ मंदावते ते वळण, मात्र कणांचा आकार, सच्छिद्रता आणि हवेची फट यांवर ठरतो. फट ठेवली की गुडघा अधिक प्रवाहाकडे सरकतो, पण पदार्थाची कमाल मर्यादा तीच राहते. संपृक्ती-प्रवाह तर निव्वळ संकेत आहे. कुठे इंडक्टन्स २० टक्के घटला की तो मोजतात, कुठे ३० टक्के. निसर्गात अशी रेषा आखलेली नाही.

म्हणून प्रतिमानाविषयी नेमका प्रश्न नैयायिकांच्या भाषेत उपाधीचा, म्हणजे नियमाआड दडलेल्या अटीचा, ठरतो. अग्नी असेल तेथे धूर असतोच, ही व्याप्ती, म्हणजे साहचर्याचा नियम, इंधन ओले असेपर्यंतच टिकते. इंडक्टन्स स्थिर असतो, हे विधानही तसेच सोपाधिक आहे, आणि तापमान ही त्याची सर्वांत दुर्लक्षिली जाणारी उपाधी आहे. १०० अंश सेल्सिअसला मँगनीज-झिंक फेराइटची मर्यादा ०.४ टेस्लाच्या आसपास उतरते. २५ अंशांवर जुळवलेले गुणांक तसेच ठेवून ०.४५ टेस्लाची रचना केली, तर तापलेला गाभा संपृक्त होतो.