कित्ता

आमच्या आजोबांच्या जमाखर्चाच्या वहींत एक शब्द पानोपानीं आढळत असे: ‘कित्ता’. वर लिहिलेलें नांव पुनः लिहावयाचें नसलें, कीं त्याखालीं ‘कित्ता’ लिहून हात मोकळा करावयाचा, ही जुन्या कारकुनांची रीत. आम्हांस लहानपणीं याची गंमत वाटे. कारण शाळेंत ज्यावरून अक्षर गिरवावयाचें, तोहि कित्ताच. एकाच शब्दानें नक्कल करावयास सांगावें आणि त्याच शब्दानें ती टाळावी, हा विरोध पुढें पन्नाशी उलटल्यावर आम्हांस विचार करण्याजोगा वाटूं लागला. जें दुसऱ्यासारखेंच आहे, तें जपून ठेवण्याचें आपणांवर कांहीं बंधन आहे काय?

हल्लींच्या संगणकांच्या भांडारांत या प्रश्नास रोखठोक उत्तर मिळतें. तेथें प्रत्येक फाइलीचे लहान लहान तुकडे पाडतात, गणिताच्या रीतीनें प्रत्येक तुकड्याची एक अंकमुद्रा काढतात, आणि ती मुद्रा पूर्वी येऊन गेलेली असल्यास तो तुकडा पुनः सांठवीत नाहींत. फाइल म्हणून मग उरते ती केवळ मुद्रांची क्रमवार यादी. तुकडा सरासरी ८,१९२ बाइटांचा व मुद्रा २० बाइटांची धरली, तर यादी मूळ मजकुराच्या सुमारें ४१० व्या हिश्श्याएवढी भरते. हें प्रमाण क्षुल्लक वाटेल. परंतु तोच मजकूर कांहींएक न बदलतां शंभर दिवस रोज ठेवावयास दिला, तर तुकडे पहिल्या दिवसाइतकेच राहतात आणि याद्या मात्र शंभर होतात. त्यांचा भार मूळ मजकुराच्या चतुर्थांशाच्या घरांत जातो. म्हणून २०१३ सालीं जर्मनींतील माइन्ट्स येथील संशोधकांनीं या याद्यांचाच संक्षेप करण्याच्या रीती मांडल्या. निव्वळ शून्यांनीं भरलेला तुकडा वारंवार येतो, त्यास एक इवलीशी खूण. जे तुकडे पुष्कळदां येतात, त्यांस आंखूड संकेत. ज्या गांवीं गुटेनबर्गनें एकाच्या अनेक प्रती काढण्याची कला सिद्ध केली, त्याच गांवीं हा विचार व्हावा, हा कालाचा विनोदच म्हणावयाचा.

ही रीत आपणांस अगदींच परकी नाहीं. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें कार्य आरंभिलें. १९२५ पासून डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांनीं त्याची धुरा वाहिली, आणि त्यांच्या पश्चात् १९६६ सालीं तें तडीस गेलें. शेंकडों हस्तलिखितें ताडून एकच संहिता वर छापावयाची, आणि पाठभेद तेवढे तळटीपांत द्यावयाचे, ही तिची पद्धति. प्रत्येक ठिकाणीं प्रत्येक पोथीचें पुरें नांव देत बसते, तर टीपांतच ग्रंथ बुडाला असता. म्हणून शारदा, बंगाली, तेलुगु, मल्याळम अशा गटांस एकेक अक्षर दिलें. आणि उत्तरेकडील किंवा दक्षिणेकडील साऱ्या पोथ्यांचें एकमत असल्यास त्या सर्वांस मिळून एकच अक्षर. तथापि त्या अक्षराची उकल करून अभ्यासकास मूळ पोथ्यांपर्यंत परत जातां येतें. हा संक्षेप आहे, विस्मृति नव्हे.

येथेंच प्रश्नाचें मर्म आहे. दोन पोथ्या अक्षरशः सारख्या असल्या, तरी ‘दोघांनीं असें सांगितलें’ ही गोष्ट ‘एकानें सांगितलें’ याहून निराळीच राहते. मजकूर एक ठेवावा, पण साक्षीदारांचीं नांवें पुसूं नयेत; तीं थोडक्यांत लिहावीं, इतकेंच. यादीला आपण दुय्यम लेखतों. परंतु जेथें द्रव्य सर्वांचें सामाईक झालें, तेथें ‘हें कोणाचें, केव्हांचें, कोणत्या क्रमानें’ हें सांगणारी यादीच काय ती ज्याची त्याची ओळख उरते.

या विचाराला दुसरीहि बाजू आहे, आणि ती आम्हांस पुस्तकांतून नव्हे, तर घरांतूनच कळली. आमच्या वडिलांच्या पत्रांच्या नकला आम्हां तिघां भावांकडे होत्या. थोरल्या बंधूंकडे संच आहेच, म्हणून आम्हीं आपल्याकडील नकला जागेच्या अडचणीपायीं काढून टाकल्या. धाकट्यानेंहि तोच विचार केला. एकमेकांस विचारावें, हें कोणासच सुचलें नाहीं. २०१९ च्या ऑगस्टांत पंचगंगेला महापूर आला. थोरल्या बंधूंचें घर नदीकडील भागांतलें. पाणी ओसरल्यावर पेटी उघडली, तों आंत केवळ लगदा! आमच्या रोजनिशींत त्या पत्रांची यादी आजहि सुवाच्य आहे: तारीख, गांव, कोणास लिहिलें. पत्रें मात्र नाहींत.

आम्हीं केलेली काटकसर चुकीची होती, असें आम्हांस अजूनहि वाटत नाहीं. आमची चूक ही, कीं आपली प्रत टाकतांना उरलेल्या प्रतीची जोखीम वाढते, हें आम्हीं ध्यानांत घेतलें नाहीं. संगणकाच्या भांडारांतहि एक तुकडा बिघडला, तर त्यावर विसंबलेल्या सगळ्या फाइली बिघडतात. म्हणून शहाणे चालक संबंध भांडाराची दुसरी प्रत दूरच्या ठिकाणीं ठेवितात. जें सारखें आहे तें एकदांच ठेवावें, हें खुशाल मान्य करावें. परंतु ज्यानें खालीं ‘कित्ता’ लिहिलें, त्यानें वरची ओळ शाबूत आहे ना, हें पाहण्याचें कर्तव्यहि पत्करलेलें असतें.