टंचाईच्या काळातील वचन

बडोद्याहून हालोल चाळीसएक किलोमीटरांवर आहे. तेथील एम. जी. मोटारींच्या कारखान्याचे उत्पादन २०२१ साली अडखळले ते पोलादावाचून नव्हे, मजुरांवाचूनही नव्हे, तर नखाएवढ्या चिपवाचून. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात हरियाणा व गुजरात मिळून आपले उत्पादन नेहमीच्या सुमारे ४० टक्क्यांवर येईल, असे मारुती सुझुकीने जाहीर केले. दिवाळीपूर्वी गाडी दारात येईल या भरवशावर आगाऊ रक्कम भरलेल्या कुटुंबांना सर्वत्र एकच उत्तर मिळू लागले : ‘चिपच नाहीत, आम्ही काय करणार?’

या उत्तरात सत्य किती आणि सबब किती, हे आम्हांस तपासावेसे वाटते.

टंचाई आकाशातून पडली नव्हती. २०२० च्या टाळेबंदीत मोटारी खपेनात, तेव्हा कारखानदारांनी चिपची मागणी आवरती घेतली आणि चिप बनविणारे संगणक-मोबाइलवाल्यांकडे वळले. पुढे गिऱ्हाईक परतले. पण रांगेतील जागा गेली होती. त्यात फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमधील कारखाने थंडीच्या लाटेत वीज गेल्याने बंद पडले, मार्चमध्ये जपानात रेनेसास कंपनीच्या नाका येथील कारखान्यास आग लागली. मग जो तो धास्तावून गरजेहून अधिक मागवू लागला. आपापल्या घरापुरते हे शहाणपणच; परंतु अशा शहाणपणाची बेरीज दुष्काळात होते. रॉकेलच्या रांगा पाहिलेल्यांस हे नव्याने सांगावयास नको.

आमच्या व्यवसायात अशा वेळी १८७२ च्या करार अधिनियमाचे कलम ५६ पुढे केले जाते : करारानंतर गोष्ट अशक्य झाली तर करार रद्द होतो. मात्र ‘अवघड’ म्हणजे ‘अशक्य’ नव्हे. १९५४ च्या निर्णयसंग्रहांत सत्यव्रत घोष विरुद्ध मुगनीराम बांगूर हा खटला आहे. युद्धकाळात सरकारने कलकत्त्यातील जमीन ताब्यात घेतली, सबब करार संपला, असे कंपनीचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने ते मानले नाही; करार झाला तेव्हाच युद्ध चालू होते आणि उभय पक्षांस ते ठाऊक होते. त्याच कलमाचा अखेरचा परिच्छेद क्वचितच कोणी वाचतो. गोष्ट अशक्य आहे हे ज्यास ठाऊक होते, किंवा वाजवी दक्षतेने कळू शकले असते, आणि समोरच्यास मात्र ठाऊक नव्हते, त्याने भरपाई द्यावी, असे तो सांगतो. विलंब आणि अशक्यता कायद्याने एक नव्हेत, हे खरे. तथापि नीतीच्या दृष्टीने कोणास काय ठाऊक होते, हाच प्रश्न उरतो.

त्या कसोटीवर जानेवारीत दिलेले आणि सप्टेंबरात दिलेले वचन सारखे ठरत नाही. जानेवारीत चुकलेल्यास क्षमा असावी. सप्टेंबरात टंचाईची वार्ता रोजच्या वृत्तपत्रात होती. तरीही जेथे दिवाळीची तारीख लिहून पैसे घेतले गेले, तेथे चिपची सबब आम्हांस पटत नाही.

विक्रेत्याची बाजू कोणी मांडील : त्यास वरून काही कळतच नव्हते. कबूल; परंतु आपणांस कळत नाही, एवढे तरी त्यास कळत होते. ‘गाडी केव्हा येईल ते सांगता येत नाही’ हे वाक्य त्याच्याजवळ तयार होते. ते उच्चारले तर गिऱ्हाईक पलीकडच्या दुकानात जाईल, एवढीच अडचण होती.