टेम्पो मोंढ्यातला नव्हे

बस खाली. आणि तो मोबाईल पालथा ठेव. त्यावरचा हसरा सूर्य मला दाखवू नकोस.

हवामानशास्त्राच्या पेपरात ९२ गुण पडल्याचं तू या खोलीत निदान चार वेळा ऐकवलं आहेस. डीजीसीएला पास व्हायला ७० पुरतात, म्हणजे तुझ्यापाशी २२ गुण वरकड होते. त्यातला एकही काल उपयोगी पडला नाही. चिकलठाणा विमानतळावरून पावणेपाचला उड्डाण, जालना, पुढे मंठा आणि सहाच्या आत परत, असा क्रॉस-कंट्रीचा कागद तू माझ्यापुढे सरकवलास. वर म्हणालास, "सर, वेदर क्लिअर आहे. टेम्पो चारला संपतो."

टेम्पो चारला संपतो! अरे, तो काय मोंढ्यात मोसंबी उतरवून चारला परत निघणारा टेम्पो आहे? टाफमधली, विमानतळाच्या हवामान-अंदाजातली, ओळ होती: टेम्पो १०१२/१०१६ ३००० टीएसआरए फ्यू०२५सीबी. पहिले दोन आकडे तारखेचे, पुढचे दोन तासांचे, आणि तास झुलूचे, म्हणजे ग्रिनिचचे. झुलूत साडेपाच तास मिळवले की आपली वेळ येते, हे पेपरात तू न चुकता लिहिलंस. बाराचे साडेपाच होतात आणि सोळाचे रात्रीचे साडेनऊ. म्हणजे तू ज्याला वादळ सरल्यानंतरची वेळ समजलास, त्याच वेळेच्या पोटात टीएसआरएची, गडगडाटी वादळाची, सुरुवात होती. परीक्षेत आलं ते गणित स्वतःच्या जिवावर बेतल्यावर का येऊ नये?

मी सांगतो का. तू टाफ वाचलाच नाहीस. त्यात परवानगी शोधत होतास. ज्याला जायचंच असतं, त्याला कागदावरचं 'जा' तेवढं दिसतं.

'फ्यू' पाहून तू 'किरकोळ ढग' असा शेरा मारलास. फ्यू म्हणजे आकाशाच्या आठ भागांतला एक किंवा दोन. पण त्याच्या शेपटीला सीबी लावलेलं होतं, क्युम्युलोनिम्बस, वादळाचा ढग. गावात वाघ एकच शिरलाय म्हणून कोणी पोरं अंगणात खेळायला सोडत नाही. आणि ०२५ पाहून तू लिहिलंस, ढगाचा तळ २,५०० फुटांवर, मी ३,५०० फुटांवर, सबब ढग माझ्या खाली. हे वाचून मी चष्मा काढून ठेवला. टाफमधली ढगाची उंची विमानतळाच्या जमिनीपासून मोजतात, तुझा अल्टीमीटर समुद्रसपाटीपासून. चिकलठाणा आहे सुमारे १,९०० फुटांवर. म्हणजे तो तळ तुझ्या काट्यावर ४,४०० ला येतो. तू ढगाच्या वरून जाणार नव्हतास, त्याच्या बुडाखालून जाणार होतास. जिथून पाऊस कोसळतो आणि वारा जमिनीवर आपटतो, तिथून. सेसनात बसून.

"टेम्पो म्हणजे अधूनमधूनच ना सर?" हेही तूच विचारलंस. हो, अधूनमधून. एका वेळी तासाच्या आत, आणि सगळं मिळून दिलेल्या मुदतीच्या निम्म्याहून कमी. चार तासांच्या मुदतीत असं पाऊण तासाचं एक वादळ नेमकं धावपट्टीवर बसलं, तर तू वर घिरट्या घालणार कशाच्या जोरावर? इंधनाचा रकाना बघ. राखीव इंधन तू मोजून जेवढ्यास तेवढं धरलं आहेस. प्रॉब३०, म्हणजे तीस टक्के शक्यता, आलं की तीच तऱ्हा: "सर, सत्तर टक्के तर नाहीच होणार." तीसपेक्षा कमी शक्यता टाफमध्ये लिहीतच नाहीत, बाळा. लिहिली आहे याचा अर्थ लिहिणाऱ्याला ती बोचली आहे.

आता जालना. तो टाफ चिकलठाण्याचा आहे. विमानतळाभोवतालच्या सुमारे आठ किलोमीटरांपुरतं तो बोलतो. जालना तिथून पन्नासेक किलोमीटर, मंठा त्याहून कितीतरी पुढे. जालन्याच्या धावपट्टीला स्वतःचा मेटार, म्हणजे त्या वेळच्या हवामानाची नोंद, नाही, टाफ नाही. विमानतळ जालना रोडवर आहे म्हणून त्याचं हवामान जालन्याचं होत नाही. उपग्रहाचं चित्र पाहायला हवं होतं, ड्युटीवरच्या हवामान अधिकाऱ्याला फोन करून ब्रीफिंग घ्यायला हवं होतं. ते राहू दे, बदनापूरला तुझे वडील मोसंबीच्या बागेत उभे होते, त्यांना तरी विचारायचंस. त्यांनी मला सहाला फोन केला, पोरगं वर नाही ना म्हणून. मागे गडगडाट मलाही ऐकू येत होता.

मेटारमधलं तापमान तर तू वाचतच नाहीस, तो आकडा शोभेचा असल्यासारखा. चिकलठाण्यावर शिकणाऱ्याला हे शोभत नाही. २६ एप्रिल १९९३. भर दुपारी इथून मुंबईला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ धावपट्टीच्या टोकाशी जेमतेम उचललं, आणि बाहेर बीड रस्त्यावरच्या कापसाच्या गाठी लादलेल्या ट्रकवर आदळलं. ११८ जणांपैकी ५५ गेले. चौकशीत ठपका आला तो विमान उशिरा आणि चुकीच्या पद्धतीने उचलण्यावर आणि रस्त्यावरची वाहतूक न थांबवण्यावर. हवामानावर नाही, हे मी मुद्दाम सांगतो, नाहीतर उद्या तेच ठोकून देशील. पण ओझ्याने भरलेलं विमान आणि एप्रिलची दुपार, यांत चूक पोटात घालायला जागा उरत नाही. कागद घे, गणित कर. १,९०० फुटांवर प्रमाणित तापमान सुमारे ११ अंश. मेटारमध्ये ४० असेल तर फरक २९, दर अंशाला १२० फूट. दाब प्रमाणित धरला तरी घनता-उंची ५,४०० च्या आसपास निघते. कळसूबाईचं शिखर तेवढंच उंच आहे. एप्रिलात तुझं इंजिन चिकलठाण्यावर उभं असतं आणि श्वास मात्र कळसूबाईवरचा घेत असतं.

मान खाली घालून उपयोग नाही. उद्या सकाळी ताजा टाफ आणि मेटार हाताने वहीत उतरवायचा, प्रत्येक वेळ आपल्या घड्याळात, प्रत्येक ढग समुद्रसपाटीपासून, आणि समोर लिहायचं की या ओळीमुळे मी का जाऊ नये. का जावं ते मी विचारणार नाही. अशा पंधरा वह्यांची पानं भरेपर्यंत तुझ्या क्रॉस-कंट्रीच्या कागदावर माझी सही होणार नाही. आणि आधी बाहेर जाऊन वडिलांना फोन कर.