अधिक १०

माझ्या जुन्या निकॉन डी ७५० कॅमेऱ्यात फोकस ठरवणारा सेन्सर आरशाच्या खाली, तळाशी असतो. चित्र उमटतं ते मागच्या सेन्सरवर. प्रकाशाच्या या दोन्ही वाटा अगदी सारख्या लांबीच्या हव्यात. केसाएवढा फरक पडला, तरी कॅमेरा ठिपका दाखवून ‘जुळलं’ म्हणतो आणि फोकस माणसाच्या पुढे किंवा मागे पडलेला असतो. त्यावर मेन्यूत वजा २० ते अधिक २० अशी दुरुस्ती दिली आहे. एका लेन्सला एकच आकडा.

पण ७०-२०० ही म्हणायलाच एक लेन्स. एका रविवारी टेबलावर तिरपी पट्टी ठेवून मी ती तपासली. २०० ला अधिक १० हवेत, ७० ला वजा २. मधला अधिक ४ ठेवला, तर दोन्ही टोकांना थोडी थोडी चूक. तो मला भ्याडपणा वाटला. लांबच्या टोकाला जुळवावं, असं जाणकार सांगतात. मी अधिक १० ठेवले. चूक काही गेली नाही. ती कुणाच्या पदरात टाकायची, एवढंच ठरलं.

महिन्याभराने इंदूरला एक लग्न होतं. अंतरपाट दूर झाला तेव्हाचे नवरानवरीचे चेहरे मी लांबून, २०० वर टिपले. पापणी न् पापणी वेगळी. पाठवणीच्या गर्दीत नवरीची आई अगदी जवळ आली, मी ७० वर आलो. फोटोत त्यांचे डोळे विरघळलेले. कानातल्या कुडीचे मोती मात्र मोजून घ्यावेत.

अल्बम पाहून काकूंनी विचारलं, “माझा एकही नीट आला नाही का रे?”

“उजेड कमी होता, काकू.”

उजेड कमी होताच. वाक्य खरं होतं आणि मी ते खोटं बोलायला वापरलं. अपघात असता तर नुसतं वाईट वाटलं असतं. इथे कुणाचे चेहरे सांभाळायचे हे मी महिन्यापूर्वी, घरी बसून, ठरवलं होतं. काकूंना तेव्हा ओळखतही नव्हतो, ही काही सबब नव्हे.

कॅननच्या ५डी मार्क ३ ने २०१२ मध्ये झूमच्या दोन टोकांना दोन आकडे दिले. आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांत चित्राच्या सेन्सरवरच फोकस ठरतो, त्यामुळे ही भानगड जवळजवळ उरतच नाही. मी अजून जुनाच वापरतो. आता आकडा अधिक ४ आहे. सगळ्यांना थोडं थोडं कमी देणं हा न्याय की नुसती सावधगिरी, मला ठरवता आलेलं नाही. नवरीची पापणीही आता पूर्वीसारखी मोजता येत नाही.

काकूंना फोन करायचा राहिला आहे.