अभयदान आणि अठरावे वर्ष

जैन विचारात आहार, औषध, ज्ञान आणि अभय अशी चार दाने सांगितली आहेत. त्यांपैकी अभयदान, म्हणजे दुसऱ्या जिवाचे भय दूर करणे, सर्वांत अवघड, कारण ते एकदा देऊन मोकळे होता येत नाही. बालगृहात किंवा प्रतिपालकत्वाखाली, म्हणजे दत्तक न जाता ठरावीक काळ दुसऱ्या कुटुंबात, वाढणाऱ्या किशोरांना मार्गदर्शन करू पाहणाऱ्या स्वयंसेवकापुढे हाच प्रश्न येतो: जो आठवड्यातून एकदाच येतो आणि केव्हाही येणे थांबवू शकतो, त्याला अभय देता येईल का?

कुंभोजच्या जैन कुटुंबात 1887 मध्ये जन्मलेल्या भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये कराडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि पुढे साताऱ्यातील वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एका पंगतीत बसवली. मुलांच्या जेवणाची भ्रांत पडली तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले आणि अखेर मंगळसूत्रही दिले. त्या मुलांना आहार आणि ज्ञान मिळालेच, पण उद्याही चूल पेटेल आणि येथून आपल्याला कोणी घालवणार नाही ही खात्री त्याहून मोलाची होती.

अशी खात्री देताना घेणाऱ्याची योग्यता पाहावी काय? पात्रदानात ती पाहिली जाते, करुणादानात केवळ दुःख पाहिले जाते. वारंवार सोडून दिलेला सोळा वर्षांचा मुलगा नव्या दादावर किंवा ताईवर चटकन विश्वास टाकत नाही. तो भेट चुकवतो, खोटे बोलतो, उर्मटपणे वागतो, आणि नेमक्या त्या वेळी त्याची पात्रता तपासली गेली तर करुणेची जागा परीक्षा घेते.

बाल न्याय अधिनियम, 2015 नुसार अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर संस्था सोडणाऱ्या मुलांसाठी अनुरक्षणाची, म्हणजे पुढील काळातील आधाराची, तरतूद आहे. परंतु भाड्याची खोली मागताना, जातीच्या दाखल्यासाठी खेटे घालताना किंवा वसतिगृहाच्या अर्जातील ‘पालकाचे नाव’ हा रकाना भरताना सोबत कोण येणार, हे कायद्याला ठरवता येत नाही.

भाऊरावांसारखे संपूर्ण आयुष्य देणे सर्वांना जमणारे नाही, आणि तशी अपेक्षाही अन्यायाची ठरेल. गृहस्थासाठी याच परंपरेने अणुव्रत सांगितले आहे: साधूच्या महाव्रताहून मर्यादित, मात्र एकदा घेतले की मोडायचे नाही असे व्रत. म्हणून अभय देता येते, पण त्याची सीमा आधी स्पष्ट सांगून आणि मग ती पूर्ण पाळून. उत्साहाने दिलेले आणि सहा महिन्यांत विसरलेले मोठे वचन या मुलांच्या भयात भरच घालते. सातारा-सांगलीतील ज्यांना हे काम करावेसे वाटते त्यांनी जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे जाण्यापूर्वी आपल्याला किती वर्षे निभावता येईल हे घरच्यांशी बोलून ठरवावे, आणि त्यात मुलाच्या अठराव्या वर्षानंतरची काही वर्षे अवश्य धरावीत.